जुन्या कॅबिनेटात नवी ४ टीबीची हार्डडिस्क, अर्धी गायब! आणि पार्टिशन किती पाडू?

महालचा_पोरगा
नमस्कार मंडळी, मदत पाहिजे आणि जरा लवकर पाहिजे कारण लगीनसराई तोंडावर आहे.

नागपुरात महालात आमचं छोटंसं प्रिंटिंगचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तूची कार्डं वगैरे. दुकानातला कॉम्प्युटर २०१२ चा, एच६१ बोर्ड, सेकंड जनरेशन आय३, ४ जीबी रॅम. आत ५०० जीबीची डिस्क आहे ती महिनाभरापासून टकटक आवाज करून राहिली, म्हणून ऑफर पाहून ४ टीबीची घेऊन टाकली. काल रात्री शटर ओढल्यावर कॅबिनेट उघडलं (धूळ काढण्यातच अर्धा तास गेला), केबल लावल्या, बायोसमध्ये डिस्कचं नाव बरोबर आलं, पण विंडोज १० मध्ये माय कॉम्प्युटर उघडलं तर तिथं काहीच नाही. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये गेलो, त्यानं विचारलं एमबीआर का जीपीटी, मला एमबीआर नाव ऐकल्यासारखं वाटलं म्हणून ते करून दिलं. आता २०४८ जीबीचा एक डबा दिसतो आणि १६७८ चा दुसरा, आणि दुसऱ्यावर राइट क्लिक केलं तर सगळे ऑप्शन फिक्के. डिस्क खराब निघाली का?

दुसरा प्रश्न, पार्टिशन (डिस्कचे सी, डी, ई असे भाग) किती पाडू? बाबा म्हणतात पाच पाहिजे, आत्ता आहेत तसेच. माझं म्हणणं एकच ठेवावं. घरी यावरून दोन दिवस अबोला आहे.

कूलरवाला
पार्टिशनवरून अबोला हे फक्त फाळणीत आणि महालातच होऊ शकतं.

बायनरीबाबा
डिस्क एकदम ठणठणीत आहे, परत न्यायच्या भानगडीत पडू नका. एमबीआर ही डिस्कवर पार्टिशनची यादी ठेवायची १९८३ ची पद्धत, पीसी डॉस २.० सोबत आलेली. त्यात सेक्टरचा नंबर लिहायला ३२ बिट ठेवले आहेत, म्हणजे जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर मोजता येतात. एक सेक्टर ५१२ बाइटचा. करा गुणाकार, बरोब्बर तुमचे २०४८ जीबी. त्याच्या पुढची जागा डिस्कवर आहे पण एमबीआरला तिचा पत्ता लिहिताच येत नाही. जुन्या टेलिफोन डायरीत पाच आकडी नंबरापुरतेच रकाने असायचे, तसं.

उपाय: डिस्क नवी आहे, रिकामी आहे, तर त्या २०४८ वर काही व्हॉल्यूम केलं असेल तर ते डिलीट करा, मग डावीकडे जिथं 'डिस्क १' लिहिलंय त्या करड्या भागावर राइट क्लिक, 'कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क'. जीपीटी म्हणजे तीच यादी ठेवायची नवी पद्धत, तिला ही अडचण नाही. दोन सेकंदाचं काम.

वऱ्हाडी_ठेचा
राजेहो पण एच६१ वर जीपीटी चालते का? माह्या माहितीप्रमाणे यूईएफआय, म्हंजे नव्या प्रकारचं बायोस, लागते त्याले.

बायनरीबाबा
@वऱ्हाडी_ठेचा, हा गैरसमज लय जुना आहे. विंडोज त्या डिस्कवरून बूट करायची असेल तरच यूईएफआय पाहिजे, आणि विंडोज ६४ बिट पाहिजे. नुसती डेटासाठी दुसरी डिस्क म्हणून लावली तर साध्या बायोसच्या बोर्डावरही जीपीटी बिनधास्त चालते, कारण तोवर विंडोज चालू झालेली असते आणि डिस्क वाचणं हे तिचं काम. बायोसला फक्त नाव दिसलं की पुरे.

वऱ्हाडी_ठेचा
बरं बापा, शिकलो. दहा वर्षं लोकायले उलटं सांगून राहिलो मी.

संत्राबर्फी
४ टीबी म्हटलं तर ३७२६ च कसे काय? बाकीचे दुकानदारानं ठेवून घेतले का? 😀

बायनरीबाबा
डिस्क बनवणारे १००० नं मोजतात, विंडोज १०२४ नं मोजते आणि नाव तेच लावते. १ टीबीचे ९३१ दिसतात, ४ चे ३७२६. दूधवाल्याचं माप आणि आपलं माप.

सदाशिवपेठी
धागाकर्त्यांनी मूळ प्रश्नाआधी हे तपासायला हवं होतं की जुनी डिस्क आवाज का करते. टकटक म्हणजे हेड अडखळतंय. आधी डेटा काढा, पार्टिशनचे वाद नंतर घाला.

महालचा_पोरगा
@बायनरीबाबा धन्यवाद!! झालं, ३७२५.९० जीबी एकसलग दिसून राहिलं. @सदाशिवपेठी, डेटा दुकानाचाच आहे, १५ वर्षांच्या पत्रिका. ज्यांची आम्ही २००९ मध्ये छापली त्यांच्या पोराच्या मुंजीची पण छापली, जुनीच फाइल उघडून.

मीनल_त्रिमूर्तीनगर
सदाशिवपेठी एकदम बरोबर बोलले. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे ते चालवा आणि दोन ओळी बघा, ०५ म्हणजे रिअलोकेटेड सेक्टर आणि सी५ म्हणजे करंट पेंडिंग. दोन्ही शून्य पाहिजेत. सी५ मध्ये आकडा दिसला तर ते असे सेक्टर आहेत जे डिस्कला आता वाचता येत नाहीयेत.

आणि एक कळकळीची सूचना. नव्या डिस्कवर काही फॉरमॅट-बिरमॅट करणार असाल तर त्या वेळेपुरती जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. मी २०१६ मध्ये हेच काम करताना डिस्क ० आणि डिस्क १ मध्ये गोंधळ केला, दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच साइजच्या, आणि बहिणीच्या लग्नाचे फोटो असलेलं पार्टिशन उडवलं. रात्री दीडला. आईला सकाळपर्यंत सांगितलं नाही. टेस्टडिस्क म्हणून एक आहे त्यानं पार्टिशन टेबल परत मिळालं कारण वर काही लिहिलं गेलं नव्हतं, पण ते पाच तास मी जन्मात विसरणार नाही. बहिणीला अजून माहीत नाही, ती इथं येत नाही म्हणून लिहून राहिले.

संत्राबर्फी
बहिणीचा आयडी काय म्हणालात?

मीनल_त्रिमूर्तीनगर
😐

जुनं_ते_सोनं
आमच्या वेळी काय मजा होती, ती चपटी ४० पिनांची रिबन केबल, तिच्यावर दोन डिस्क, मागे छोटा जंपर, एक मास्टर एक स्लेव्ह. जंपर चुकला की दोन्ही गायब. तो जंपर खाली पडला की अख्खं घर टॉर्च घेऊन जमिनीवर. आणि १३७ जीबीच्या वरची डिस्क घेतली की एक्सपीला सर्व्हिस पॅक १ टाकल्याशिवाय ती पूर्ण दिसतच नव्हती. म्हणजे हा असा प्रश्न दर दहा वर्षांनी येतोच, फक्त आकडा बदलतो.

कूलरवाला
एक हार्डवेअरचा मुद्दा कोणीच बोललं नाही. २०१२ चं एसएमपीएस (कॅबिनेटातला वीज देणारा डबा) आहे, त्याला साटाची, म्हणजे आताच्या डिस्कला लागणारी, पॉवर पिन किती? बऱ्याच जुन्या एसएमपीएसला दोनच असतात, एक डीव्हीडीला आणि एक डिस्कला. मग लोक चार पिनवाल्या मोलेक्सवरून कन्व्हर्टर लावतात. तो ओतीव प्लॅस्टिकचा बंद कन्व्हर्टर घेऊ नका, आत तारा एकमेकींजवळ सरकतात आणि जळतो. माझा जळला आहे, मे महिन्यात, बाहेर ४५ च्या वर, आणि मला आधी वाटलं शेजारी कोणी प्लॅस्टिक जाळून राहिलं. दाबून बसवलेल्या पिनांचा घ्या, किंवा सरळ डीव्हीडीची पॉवर काढून डिस्कला द्या. डीव्हीडी आता कोण वापरतं.

महालचा_पोरगा
डीव्हीडीचीच काढून दिली आहे 🙏 पोरीकडचे लोक फोटो डीव्हीडीवर आणायचे, आता व्हॉट्सॲपवर पाठवतात, मग छापल्यावर म्हणतात धुरकट आले.

वऱ्हाडी_ठेचा
अन् उन्हाळ्यात कॅबिनेट उघडलं तं आधी एसएमपीएसच्या पत्र्याले हात लावजा भाऊ. नागपूरच्या कोरड्या हवेत खुर्चीवरून उठलं तरी झटका बसते. मी टेरिकॉटचा शर्ट घालून रॅम काढली होती एकदा, ते रॅम गेली ते गेलीच.

निवृत्त_तारमास्तर
हार्डडिस्क नेमकी कूलरसमोर ठेवू नये. आमच्या बंधूंनी गरम होतं म्हणून कॅबिनेटचं झाकण काढून थेट डेझर्ट कूलरचा झोत दिला होता. दोन महिन्यांत बोर्डावर हिरवं चढलं. डिस्कला ओल नको, उष्णता ५० च्या खाली असली की ती मजेत चालते.

बायनरीबाबा
पार्टिशन किती, यावर माझं मत. पूर्वी पाच पाडायचे त्याला कारणं होती. फॅट३२ या डिस्कवर फाइली मांडायच्या जुन्या पद्धतीत विंडोज ३२ जीबीच्या वर फॉरमॅटच करून देत नव्हती, एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नव्हती, आणि विंडोज दर सहा महिन्यांनी बसायची म्हणून सी वेगळं ठेवायचं. आता एनटीएफएस ही पद्धत आहे, यातलं काही उरलं नाही. एक पार्टिशन, आत फोल्डर. पाच केले की नेमकं एक भरतं आणि चार रिकामे राहतात.

संत्राबर्फी
असहमत. आमच्या घरी एफ ड्राइव्हचं नाव 'यूपीएससी नोट्स' आहे. वेगळं पार्टिशन नसतं तर प्रायव्हसी कशी राहिली असती?

कूलरवाला
यूपीएससीची प्रीलिम निघाली का मग?

संत्राबर्फी
नोट्स वाचायला वेळ मिळाला नाही.

मीनल_त्रिमूर्तीनगर
पार्टिशनच्या बाबतीत मी बाबांच्या बाजूनं थोडी आहे. वयस्कर माणसाला फोल्डरच्या आत फोल्डर शोधणं जमत नाही, ई म्हटलं की ई. पण एक लक्षात ठेवा, एकाच डिस्कवर डी मधलं ई मध्ये कॉपी करून ठेवलं म्हणजे बॅकअप झाला असं नाही. डिस्क गेली की अख्खी बाराखडी जाते.

महालचा_पोरगा
मंडळी अपडेट. ०५ मध्ये शून्य नाही, सी५ मध्ये पण आकडा आहे, पिवळ्या रंगात 'कॉशन' लिहून आलं. रात्रभर लावून सगळा डेटा नव्या डिस्कवर घेतला, तीन फाइली सोडून सगळं आलं.

पण आज सकाळी नवाच लोचा. बाबांनी त्यांचं जुनं विंडोज एक्सपी चालू केलं तर त्यात नवी डिस्क दिसतच नाही! डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह' असं काहीतरी लिहिलेलं आहे आणि हातच लावता येत नाही.

बायनरीबाबा
एक्सपी????

सदाशिवपेठी
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं हो. पहिल्या.

महालचा_पोरगा
माफ करा, मला ते महत्त्वाचं वाटलं नाही 🙏 जुन्या डिस्कवर दोन्ही आहेत, चालू करताना विचारते कोणतं पाहिजे. मी हिशेब-जीएसटी १० मध्ये करतो, बाबा पत्रिका एक्सपीमध्ये पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर करतात. मराठी फॉन्टचं जे सॉफ्टवेअर आहे त्याचं यूएसबी लॉक (पेनड्राइव्हसारखी किल्ली, ती लावल्याशिवाय ते उघडत नाही) फक्त एक्सपीवर चालतं.

वऱ्हाडी_ठेचा
लॉक हरवलं का एकदा तरी? प्रत्येक प्रेसवाल्याचं एकदा हरवते.

महालचा_पोरगा
बाबा ते देवाच्या डबीत ठेवतात रात्री. मस्करी नाही.

बायनरीबाबा
बरं मग सगळं गणित बदललं. ३२ बिट एक्सपीला जीपीटी वाचताच येत नाही, कोणत्याही सर्व्हिस पॅकनं नाही. व्हिस्टापासून पुढे येते. तुम्हाला जी 'प्रोटेक्टिव्ह' ओळ दिसली ती मुद्दाम ठेवलेली असते, जुन्या सिस्टमला डिस्क रिकामी वाटून तिनं पुसू नये म्हणून. म्हणजे तुमची डिस्क एक्सपीपासून सुरक्षित आहे, एवढं समाधान माना.

जुनं_ते_सोनं
यावर एक गंमत सांगतो. २ टीबीच्या वरच्या काही यूएसबी डिस्क एक्सपीवर चालायच्या! कारण त्या डब्यातला सर्किट बोर्ड ५१२ ऐवजी ४०९६ चे सेक्टर दाखवायचा. तेवढेच ३२ बिट, पण प्रत्येक सेक्टर आठपट मोठा, म्हणजे एमबीआरमध्येच १६ टीबीपर्यंत. मी खूश. मग डब्याची यूएसबी पिन ढिली झाली, मी हुशारी करून आतली डिस्क काढून सरळ कॅबिनेटात लावली तर डिस्क कोरी दिसायला लागली. बाहेर काढल्यावर सेक्टर परत ५१२ चे मोजले गेले ना, सगळे पत्ते चुकले. बर्डीच्या मार्केटमध्ये तसाच डबा शोधत तीन शनिवार घालवले तेव्हा डेटा मिळाला. तिन्ही शनिवारी तर्री पोहे खाल्ले हा त्यातला फायदा.

कूलरवाला
तर्री पोहे कुठले? हे जास्त महत्त्वाचं आहे.

सदाशिवपेठी
पोह्यावर रस्सा ओतणे ही कल्पनाच.

वऱ्हाडी_ठेचा
आले पुण्याचे. तुम्ही मस्तानी प्या ना गुपचूप, ते आइस्क्रीम दुधात बुडवलेलं चालते, अन् पोहे चण्याच्या तर्रीत बुडवले तं नाही चालत?

निवृत्त_तारमास्तर
पत्रिकेची मुदत जवळ येत आहे, मंडळींनी पोह्यावरून मूळ विषयाकडे यावं.

बायनरीबाबा
मार्ग तीन आहेत.

पहिला, ४ टीबी बदलून २ टीबी घ्या. ती एमबीआरमध्ये पूर्ण बसते आणि एक्सपीलाही दिसते. फक्त तिचं पार्टिशन विंडोज १० मधून करायचं, एक्सपीमधून नाही, कारण एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतं आणि नव्या डिस्क आतून ४०९६ च्या असतात. ६३ ला ८ नं भाग जात नाही, मग प्रत्येक लिहिणं दोन सेक्टरांवर पसरतं आणि डिस्क उगाच रडतखडत चालते. १० मध्ये केलं की २०४८ पासून सुरू होतं. पण तुमची डिस्क उघडलेली आहे, दुकानदार परत घेणार नाही.

दुसरा, एक्सपी वेगळ्या जुन्या डिस्कवर आणि फाइली पेनड्राइव्हनं इकडून तिकडे. कंटाळा येईल.

तिसरा आणि मला पटणारा, विंडोज १० च्या आतच व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरनं बनवलेल्या कॉम्प्युटरमध्ये, एक्सपी टाका. सेकंड जनरेशन आय३ ला व्हर्च्युअलायझेशन आहे, फक्त बायोसमध्ये चालू आहे का बघा. एक्सपीला ५१२ एमबी रॅम दिली तरी पळतं. यूएसबी लॉक आतल्या एक्सपीला जोडून देता येतं. आणि ४ टीबीवरचं फोल्डर शेअर्ड फोल्डर म्हणून आत द्यायचं, मग एक्सपीला ते नेटवर्क ड्राइव्हसारखं दिसतं, खाली जीपीटी आहे की काय ते त्याला कळतही नाही.

मीनल_त्रिमूर्तीनगर
+१ तिसऱ्याला. आणि हे करताय तर विंडोज १० साठी एक छोटी २४० ची एसएसडी घ्याच, मरायला टेकलेल्या डिस्कवरून काय बूट करता. बोर्डाचे साटा पोर्ट ३ जीबीपीएसचे असले तरी फरक जमीन-अस्मानाचा पडतो. मात्र १० चे मोफत अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले आहेत, आणि हा कॉम्प्युटर ११ च्या यादीत बसत नाही, तेवढं लक्षात ठेवून बँकेची कामं मोबाइलवर करा.

सदाशिवपेठी
सगळं युनिकोडमध्ये का करून घेत नाहीत? एकदाच काय तो त्रास.

महालचा_पोरगा
@सदाशिवपेठी, १५ वर्षांच्या फाइली, प्रत्येकीत 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' वेगळ्या फॉन्टमध्ये. कन्व्हर्ट केलं की र्‍ह आणि ज्ञ चं काय होतं ते पाहिलं मी, 'ज्ञानेश्वर' चा भलताच कोणीतरी झाला. नवरदेवाचं नाव चुकलं तर मंडळी दुकानात येतात, सगळी.

(चार दिवसांनी)

महालचा_पोरगा
कोणी वाट पाहून राहिलं होतं का माहीत नाही, पण सांगतो. एसएसडी घेतली, बर्डीतून ४ जीबीची जुनी डीडीआर३ रॅम पण घेतली. व्हर्च्युअल मशीन झालं, लॉक पण दिसलं. बाबांनी एक जुनी पत्रिका उघडली, अक्षरं एकदम बरोबर. छापली तर वरचा गणपती फुटलेला! म्हणजे चौकोन चौकोन. बाबा म्हणाले, 'पाहा, मी म्हटलं होतं ना ई पाहिजे.' मला वाटलं हट्ट करून राहिले.

जुनं_ते_सोनं
अहो बाबा शंभर टक्के बरोबर आहेत!! पेजमेकर मोठी चित्रं फाइलच्या आत ठेवत नाही, फक्त त्याचा पत्ता ठेवतो. ई ड्राइव्ह, गणपती फोल्डर, अमुक चित्र. पत्त्यावर चित्र सापडलं नाही की स्क्रीनवरचं बारीक चित्रच छापून मोकळा. मी नव्वद सालापासून डीटीपीत होतो, प्रत्येक नव्या पोरानं 'डी मध्ये नीट लावून ठेवतो' म्हणत फोल्डर हलवलं की दुसऱ्या दिवशी सगळे गणपती फुटायचे.

बायनरीबाबा
चूक कबूल. मी 'एकच पार्टिशन, आत फोल्डर' म्हणालो तेव्हा हे डोक्यातच नव्हतं. सोपं आहे पण, एक्सपीच्या आत त्या शेअर्ड फोल्डरला मॅप करताना अक्षर ई द्या. व्हर्च्युअल सीडी ड्राइव्हनं ई पकडलं असेल तर आधी तिचं अक्षर बदला. आतले फोल्डर जसेच्या तसे, नावात स्पेससुद्धा बदलायचा नाही.

महालचा_पोरगा
झालं!!! ई दिलं, गणपती अखंड. बाबांनी लागोपाठ अकरा पत्रिका उघडून पाहिल्या, एक २०१० ची पण. मग मला म्हणाले, आता एफ मध्ये बॉर्डरी होत्या त्या पण लाव. तर शेवटी चार टीबीत दोन पार्टिशन केले, पहिलं १ टीबीचं दुकानाचं, दुसरं उरलेलं. त्यातच ई, एफ, जी अशी तीन फोल्डरं मॅप केली. बाबांना पाच दिसतात, मला दोन दिसतात. अबोला संपला.

कूलरवाला
कोणाच्या बाजूनं संपला?

महालचा_पोरगा
त्यांच्या. आई म्हणाली चहा ठेवते, तेव्हा दोघंही हो म्हणालो.

मीनल_त्रिमूर्तीनगर
छान! आणि आता पुन्हा सगळं एकाच डिस्कवर आहे. बाहेरची एक १ टीबीची घेऊन पत्रिकांची कॉपी घरी ठेवा. दुकानात नाही, घरी.

महालचा_पोरगा
जुनी ५०० वाली ठेवली आहे की बॅकअप म्हणून.

मीनल_त्रिमूर्तीनगर
सी५ वाली?????

निवृत्त_तारमास्तर
नातीचं लग्न आहे, २५० पत्रिका लागतील. गणपती अखंड येणार असतील तर दर कळवावा.

महालचा_पोरगा
काका व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. घरच्यासारखा भाव 🙏 आणि @मीनल, बरं, घेतो बाहेरची.

संत्राबर्फी
एवढा ज्ञानी लोकांचा मेळा भरलाच आहे तर माझा पण एक प्रश्न, एफ ड्राइव्हचं नाव बदललं तर आत काय आहे ते बायकोला दिसतं का

बायनरीबाबा
नवीन धागा काढा.